लिन त्से-शू : चीनच्या आठवणीतला एक अधिकारी

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

चीनच्या परराष्ट्रधोरणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन सालांपाशी घोटाळत राहते. एक १९५४ चा पंचशील करार आणि दुसरे १९६२ चे युद्ध. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला आमच्या सरांनी वर्गाला विचारले, की सीमा, सार्वभौमत्व आणि तह या तीन गोष्टींच्या बाबतीत चीन इतका हळवा आणि तितकाच कठोर का? आम्ही सर्वांनी १९६२ पासून उत्तरे द्यायला सुरुवात केली. सरांनी आणखी सव्वाशे वर्षे मागे जायला सांगितले आणि फळ्यावर एक नाव लिहिले : लिन त्से-शू. ते नाव मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते. चीनमध्ये मात्र ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, हे मला नंतर ग्रंथालयात बसल्यावर कळले.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. परराष्ट्रधोरण हा शब्दच मला प्रथम फार दूरचा वाटला होता. पण लिनचे चरित्र वाचत गेलो आणि तो शब्द जवळ येऊ लागला. करार, तह, सीमारेषा या गोष्टी कागदावर असतात खऱ्या. पण त्यांच्या मागे माणसे असतात, त्यांचा प्रामाणिकपणा असतो आणि त्यांच्या चुकाही असतात. चीनच्या आजच्या वागण्याची मुळे या एका अधिकाऱ्याच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी ती मोठमोठ्या व्याख्यांत दिसत नाहीत, असे मला वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

लिनचा जन्म ३० ऑगस्ट १७८५ रोजी चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूच्यान प्रांतात, फूचौ या गावी झाला. वडील शिक्षक. विद्वान, पण गरीब. सरकारी परीक्षांत त्यांना फारसे पुढे जाता आले नव्हते, त्यामुळे मुलांना शिकवून जे मिळेल त्यावर संसार चाले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. लिनची आई शोभेची कृत्रिम फुले करून विकत असे आणि त्या पैशांनी घराला हातभार लागे. हे वाचताना मी क्षणभर पुस्तक मिटले. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन, पाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून दिवसाच्या अखेरीस ती विड्यांचे कट्टे मोजते. माझी महाविद्यालयाची फी त्यातूनच भरली जाते. दोनशे वर्षांपूर्वीच्या चिनी घरातला तो फुलांचा पसारा मला माझ्याच घरातल्यासारखा दिसला. या विड्यांविषयी मला पुढे आणखी थोडे लिहायचे आहे.

त्या काळी चीनमध्ये गरिबाच्या मुलाला वर येण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सनदी परीक्षांचा. प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करायचे, निबंध लिहायचे, गाळणीतून गाळावे तसे हजारो उमेदवारांतून थोडेच पुढे जायचे. लिन १८०४ मध्ये प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा होता. त्यानंतर सात वर्षांनी, १८११ मध्ये, राजधानीतील सर्वोच्च परीक्षेत त्याला यश मिळाले आणि हानलिन या विद्वत्सभेत त्याचा प्रवेश झाला.

पुढची पंचवीस वर्षे लिनने निरनिराळ्या प्रांतांत कारभार पाहिला. न्यायखाते, मीठ, धान्यवाहतूक, नद्यांचे बांध, दुष्काळातील मदत अशी अनेक कामे त्याच्याकडे आली. तो लाच खात नसे आणि कागदावर विसंबून न राहता प्रत्यक्ष जाऊन पाहत असे. च्यांगसू प्रांतात न्यायाधिकारी असताना लोकांनी त्याला निरभ्र आकाश असे नाव दिले होते. म्हणजे ज्याच्या न्यायात कुठेही मळभ नाही असा माणूस. १८३२ मध्ये तो त्याच प्रांताचा राज्यपाल झाला आणि १८३७ मध्ये हूपेइ व हूनान या दोन प्रांतांचा मुख्याधिकारी. येथेच त्याची गाठ अफूशी पडली.

अफूचा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता, रेशीम हवे होते. चीनला इंग्लंडच्या मालाची फारशी गरज नव्हती. त्यामुळे चहाची किंमत चांदीत मोजावी लागे. १७९३ मध्ये मॅकार्टनी हा इंग्रज वकील भेटवस्तू घेऊन चीनच्या दरबारात गेला, व्यापाराच्या सवलती मागितल्या आणि रिकाम्या हाताने परतला. चीनच्या दृष्टीने जगात बरोबरीची राष्ट्रे नव्हतीच. मध्यभागी चीनचा सम्राट आणि भोवती त्याला नजराणे आणणारी लहानमोठी राज्ये, अशी त्यांची जगाची कल्पना होती. दरबारात परराष्ट्रखाते नावाचे खातेसुद्धा नव्हते. पाश्चात्त्यांशी संबंध पाहणारे कार्यालय पुढे १८६१ मध्ये निघाले. सागरी मार्गाने येणाऱ्या पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर खुले होते. तेथे शहराबाहेर नदीकाठी वखारींत त्यांनी राहायचे, सरकारने नेमलेल्या ठराविक चिनी व्यापाऱ्यांमार्फतच व्यवहार करायचा, आणि हंगाम संपला की तेथून निघायचे, असा दंडक होता.

या बंद दारातून इंग्रजांनी जी वस्तू आत सरकवली ती अफू. आणि ही अफू पिकत होती आपल्या देशात. पाटणा आणि बनारसच्या मुलखात ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याखाली ती पिके आणि कलकत्त्याला तिचा लिलाव होई. दुसरी अफू माळव्याची. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी ही अफू आधी बरीचशी दमणच्या पोर्तुगीज बंदरातून जाई. पुढे कंपनीने कर घेऊन परवाने देण्यास सुरुवात केल्यावर ती मुंबईहून जाऊ लागली. चीनमध्ये अफूवर बंदी असल्याने कंपनी स्वतःच्या जहाजांतून ती नेत नसे. ते काम खासगी व्यापारी करीत, आणि किनाऱ्यावर चिनी तस्कर व लाचखाऊ अधिकारी तिला वाट करून देत. १८३८ च्या सुमारास वर्षाला सुमारे ४०,००० पेट्या चीनमध्ये जात होत्या. एका पेटीत साधारण ६० किलो अफू मावे. पूर्वी चांदी चीनकडे वाहत होती. आता ती चीनमधून बाहेर वाहू लागली. चांदी महागली आणि तांब्याच्या नाण्यांत कमाई करून चांदीत कर भरणारा शेतकरी पिचून गेला.

दरबारात या प्रश्नावर दोन मते होती. १८३६ मध्ये एका अधिकाऱ्याने सुचवले, की बंदी पाळली जात नाही तर अफू कायदेशीर करावी आणि तिच्यावर जकात घ्यावी. १८३८ मध्ये दुसऱ्याने सुचवले, की अफू ओढणाऱ्यालाच मुदत देऊन नंतर मृत्युदंड द्यावा. लिनने कडक बाजू घेतली. पण नुसत्या शिक्षेवर त्याचा भर नव्हता. व्यसन सोडवण्याची औषधे आणि मुदत या दोन्ही गोष्टी त्याने मांडल्या आणि आपल्या प्रांतांत अफूच्या नळ्या गोळा करून जाळून दाखवल्या. सम्राट ताओक्वांगला त्याने बजावले, की हे असेच चालले तर काही दशकांनी लढायला शिपाई उरणार नाहीत आणि त्यांना पगार द्यायला चांदीही उरणार नाही. सम्राटाने त्याला राजधानीत बोलावून घेतले, पुन्हा पुन्हा भेटी दिल्या आणि १८३८ च्या अखेरच्या दिवशी शाही आयुक्त म्हणून कँटनच्या कामगिरीवर नेमले.

१० मार्च १८३९ रोजी लिन कँटनला पोहोचला. आठवडाभरातच त्याने परदेशी व्यापाऱ्यांना हुकूम दिला : असेल तेवढी अफू सरकारजमा करा आणि पुन्हा आणणार नाही असे हमीपत्र लिहून द्या, आणल्यास मृत्युदंड. व्यापाऱ्यांनी टाळाटाळ केली, थोड्या पेट्या देऊन बोळवण करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लिनने वखारींना वेढा घातला. चिनी नोकर काढून घेतले, रस्ते बंद केले. सुमारे ३५० परदेशी माणसे दीड महिना वखारींत अडकून पडली. इंग्रजांचा व्यापार अधीक्षक चार्ल्स एलियट याने शेवटी सर्व अफू देण्याचे मान्य केले. पण ती देताना त्याने एक डाव खेळला. व्यापाऱ्यांनी अफू आधी ब्रिटिश सरकारच्या नावाने आपल्याकडे द्यावी, असे त्याने जाहीर केले. लिनला वाटले, आपण तस्करांचा माल पकडला. कागदोपत्री मात्र ती ब्रिटिश राज्याची मालमत्ता झाली होती. पुढच्या युद्धाचे बीज येथे पडले.

२०,००० हून अधिक पेट्या हाती आल्या. ३ जून १८३९ पासून हूमेन येथे समुद्रकिनारी त्यांचा नाश सुरू झाला. अफू जाळली असे पुष्कळदा म्हटले जाते, पण ती जाळली नव्हती. जाळल्यास तिचा अंश जमिनीत मुरतो आणि लोक ती माती खणून नेतात, हे लिनने ध्यानात घेतले होते. त्याने किनाऱ्यावर तीन मोठी तळी खणून घेतली. त्यांत पाणी आणि मीठ, मग अफूचे फोडलेले गोळे, मग चुनखडी. मजूर फळ्यांवर उभे राहून ते ढवळीत आणि ओहोटीच्या वेळी दार उघडून तो रबरबाट समुद्रात सोडला जाई. हे काम २३ दिवस चालले. ते पाहायला काही परदेशी मंडळीही आली होती. नाश सुरू करण्यापूर्वी लिनने समुद्रदेवतेची पूजा केली. आपण तुझ्या पाण्यात ही घाण सोडीत आहोत, जलचरांनी काही काळ दूर जावे, अशा अर्थाची प्रार्थना त्याने केली होती. ज्या अधिकाऱ्याला माशांचीही काळजी वाटते तो कसा माणूस असेल, हे यावरून कळते.

याच वर्षी त्याने इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला उद्देशून एक पत्र तयार केले. त्याचा आशय साधा होता. चीनमधून जे जाते त्याने तुमच्या लोकांचे भलेच होते, मग तुमच्याकडून विष का यावे? तुमच्या मुलखात येऊन कोणी असे विष विकले तर तुम्ही काय कराल? या पत्राला कधी उत्तर आले नाही.

लिनची बाजू न्यायाची होती यात शंका नाही. पण त्याच्याविषयी लिहिताना त्याच्या चुका झाकणे बरोबर होणार नाही. चहा आणि रेवाचिनी यांच्यावाचून इंग्रज जगूच शकणार नाहीत असे त्याला खरोखर वाटत होते. इंग्रज शिपायांचे पाय घट्ट बांधलेले असल्याने ते जमिनीवर लढू शकणार नाहीत, असेही त्याने सम्राटाला कळवले होते. इंग्रज इतक्या दुरून युद्ध करायला येतील असे त्याला वाटले नाही. तरीही तो आपल्या काळातील इतर अधिकाऱ्यांपेक्षा वेगळा होता, कारण आपल्याला माहिती नाही हे त्याला कळत होते. कँटनला येताच त्याने इंग्रजी जाणणारी माणसे जमवली, परदेशी वृत्तपत्रांची भाषांतरे सुरू केली, जगाच्या भूगोलाचे एक इंग्रजी पुस्तक चिनी भाषेत आणवले. पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरकडून वातेल या कायदेपंडिताच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे काही उतारे भाषांतरित करून घेतले. परदेशी माल रोखण्याचा आणि निषिद्ध माल जप्त करण्याचा हक्क राज्याला असतो, हे पाश्चात्त्यांच्याच कायद्यात लिहिले आहे, हे त्याला हवे होते. लिनला स्वतःला अंतर्गळाचा त्रास होता. त्याने याच डॉक्टरकडून पट्टा मागवला, पण तो स्वतः दवाखान्यात गेला नाही. पार्करच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक ६५६५ आहे. रोगी न पाहता केलेला हा इलाज म्हणजे त्या वेळच्या चीन आणि पश्चिमेच्या संबंधांचे चित्रच म्हणावे लागेल.

१८३९ च्या जुलैमध्ये कौलून येथे दारूच्या नशेतील इंग्रज खलाशांनी एका चिनी गावकऱ्याचा जीव घेतला. लिनने गुन्हेगार मागितला. एलियटने तो दिला नाही. चीनच्या भूमीवर कायदा कोणाचा, असा हा वाद होता. तो चिघळत गेला आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही आरमारांची चकमक झडली. १८४० च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेत या मोहिमेवर वादळी चर्चा झाली आणि सरकारविरुद्धचा ठराव अवघ्या ९ मतांनी फेटाळला गेला. जूनमध्ये युद्धनौका चीनच्या किनाऱ्यावर आल्या. त्यांच्यावर मद्रास आणि बंगालकडच्या देशी पलटणीही होत्या. अफू आपल्या शेतांतली आणि तिच्यासाठी लढणारे बरेचसे शिपाईही आपले!

ब्रिटिशांनी कँटनची फक्त नाकेबंदी केली आणि ते उत्तरेकडे वळले. चूशान बेटातील तिंगहाय घेऊन ते ऑगस्टमध्ये राजधानीच्या वाटेवरील नदीच्या मुखाशी येऊन ठाकले. सम्राट घाबरला. ज्याला त्याने स्वतः निवडून पाठवले त्याच लिनवर त्याने सारा दोष टाकला. त्या शरद ऋतूत लिन बडतर्फ झाला आणि १८४१ मध्ये त्याला इली येथे हद्दपारीची शिक्षा झाली. इली म्हणजे चीनच्या वायव्य टोकाचा, वाळवंटापलीकडचा रशियालगतचा मुलूख. आपल्याकडे अंदमान तसे त्यांच्याकडे इली.

तिकडे जाण्यापूर्वी त्याच्या हातून दोन कामे झाली. वाटेत त्याचा मित्र वेइ युआन भेटला. कँटनमध्ये जमवलेली सारी भाषांतरे आणि नकाशे लिनने त्याच्या हवाली केले. त्यांतून वेइ युआनने सागरी राष्ट्रांची माहिती देणारा मोठा सचित्र ग्रंथ रचला. पुढे जपानमध्येही तो आवडीने वाचला गेला. दुसरे काम बांधाचे. १८४१ च्या उन्हाळ्यात पीत नदीने काईफेंगजवळ बांध फोडला होता. हद्दपार कैद्याला तेथे पाठवण्यात आले, कारण बांधाचे काम त्याच्याइतके जाणणारा दुसरा माणूस जवळ नव्हता. बांध पूर्ण झाला. शिक्षा माफ होईल असे सर्वांना वाटले, झाली नाही. कुटुंबाला शीआनमध्ये ठेवून तो वायव्येला निघाला.

तो वाळवंटाच्या वाटेवर असतानाच २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग बेट ब्रिटिशांना गेले. २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर द्यावे लागले. त्यांतील ६० लाख बुडवलेल्या अफूची किंमत म्हणून. पाच बंदरे खुली झाली आणि त्यांतील एक लिनचे जन्मगाव फूचौ. पुढच्याच वर्षीच्या पुरवणी तहाने ब्रिटिश गुन्हेगारांवर चिनी कायदा चालणार नाही असे ठरले. कौलूनच्या खुनात लिनने ज्या हक्कासाठी हट्ट धरला तोच हक्क कागदावर लिहून काढून घेतला गेला.

डिसेंबर १८४२ मध्ये लिन इलीला पोहोचला. वय सत्तावन्न. दुसरा कोणी असता तर दैवाला दोष देत बसला असता. लिनने कालवे हाती घेतले. इली नदीच्या खोऱ्यातील कालव्याचा अवघड भाग त्याने स्वतःच्या खर्चाने करवून घेतला. १८४५ मध्ये दक्षिण शिनच्यांगमधील जमिनींची पाहणी करीत तो गावोगाव फिरला. तुर्फानकडे जमिनीखालून पाणी नेण्याची जी जुनी पद्धत आहे ती त्याने नीट पाहिली आणि तिचा प्रसार व्हावा म्हणून खटपट केली. येथे त्याला आणखी एक गोष्ट दिसली. आजवर सारे लक्ष समुद्राकडे होते. पण या खुष्कीच्या सीमेवर रशिया हळूहळू पुढे सरकत होता.

१८४५ मध्ये त्याला परत बोलावले गेले. पुन्हा मानाच्या जागा मिळाल्या, अगदी युन्नान-क्वेइचौच्या मुख्याधिकाऱ्याची देखील. पण प्रकृती ढासळली होती. १८४९ मध्ये निवृत्ती घेऊन घरी परतताना जानेवारी १८५० मध्ये छांगशाजवळ नदीत त्याची नाव थांबली. तेथे च्वो त्सुंगथांग नावाचा एक तरुण भेटायला आला. तो अजून कोणत्याही पदावर नव्हता. दोघे रात्रभर बोलत बसले. लिनने शिनच्यांगविषयी जमवलेले कागद आणि नकाशे त्याच्या स्वाधीन केले आणि रशियाचा धोका त्याला समजावून सांगितला. पुढे १८७६ ते १८७८ या काळात याच च्वोने चीनच्या हातून गेलेला शिनच्यांग पुन्हा जिंकला. १८८१ च्या तहाने इलीचा बहुतेक भाग रशियाकडून परत मिळाला आणि १८८४ मध्ये शिनच्यांग हा प्रांत झाला. एका नावेत झालेले ते बोलणे वाया गेले नाही.

त्याच वर्षी क्वांगशी प्रांतातील बंड मोडण्यासाठी सम्राटाने लिनला पुन्हा बोलावले. आजारी असतानाही तो निघाला आणि २२ नोव्हेंबर १८५० रोजी वाटेतच, क्वांगतुंग प्रांतातील फूनिंग येथे त्याचे निधन झाले. वय पासष्ट. आठच वर्षांनी, दुसऱ्या अफूयुद्धाच्या काळात, चीनला अफूचा व्यापार कायदेशीर करावा लागला.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. १९४९ नंतर बीजिंगच्या थ्येनआनमेन चौकात लोकवीरांचे स्मारक उभे राहिले. १९५८ मध्ये ते पूर्ण झाले. त्यावरील शिल्पपटांत पहिला प्रसंग आहे हूमेनच्या अफूनाशाचा. म्हणजे आधुनिक चीन आपली कहाणी तेथून सुरू करतो. १८३९ पासून पुढच्या शंभर वर्षांना तेथे राष्ट्रीय अपमानाचे शतक म्हणतात. लिनच्या पराभवातून चीनने काही धडे घेतले असे मला दिसते. पहिला, न्याय आपल्या बाजूने असूनही शक्ती नसेल तर उपयोग नाही. दुसरा, बाहेरच्या जगाची माहिती ही तोफांइतकीच आवश्यक आहे. तिसरा, सक्तीने सही करून घेतलेला तह हा तह नव्हे. चौथा, समुद्र आणि खुष्की या दोन्ही सीमांवर एकाच वेळी डोळा हवा. १९४३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेचे न्यायविषयक विशेष हक्क रद्द होणे, १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग परत येणे, पंचशीलात सार्वभौमत्वाचा आदर आणि अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे यांवर दिलेला भर, १९१४ च्या सिमला परिषदेतील मॅकमहोन रेषा साम्राज्यवादी म्हणून नाकारणे, या साऱ्यांची मुळे या आठवणीपर्यंत पोहोचतात.

परंतु येथे थांबलो तर ते अर्धेच सत्य होईल. ज्या छिंग साम्राज्याची लिन चाकरी करीत होता त्याने शिनच्यांग मुळात १७५० च्या दशकात लढाया करूनच जिंकला होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होणारच नाही, असा नियम इतिहासात नाही. १९६२ चा घाव आपण विसरलेलो नाही आणि २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. जुन्या अपमानाची आठवण राष्ट्राला जागे ठेवते हे खरे. पण तीच आठवण प्रत्येक नव्या कृतीचे समर्थन म्हणून पुढे करता येत नाही. चीनचे वागणे समजून घेणे वेगळे आणि ते मान्य करणे वेगळे. हा फरक मला लिनच्या चरित्राने शिकवला, कारण ज्याला शत्रू समजावे त्याची वर्तमानपत्रे वाचणारा तो माणूस होता.

आणि शेवटी आपल्या घरची गोष्ट. माळव्याच्या अफूने आणि कापसाने मुंबई श्रीमंत झाली. चीनच्या याच व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी संपत्ती मिळवली आणि तिच्यातून उदार हाताने दानधर्म केला. नानकिंगचा तह झाला त्याच वर्षी, १८४२ मध्ये, त्यांना नाईट ही पदवी मिळाली. १८४५ मध्ये त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय सुरू झाले. माझ्या आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तेथेच झाली. गावाकडून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेथे पुन्हा दिसू लागले. त्या रुग्णालयाविषयी आमच्या घरात कृतज्ञताच आहे. पण हूमेनच्या तळ्यांविषयी वाचल्यापासून मनात एक प्रश्न उभा राहिला आहे, की त्या पैशांचा हिशेब कसा मांडायचा? आणि हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी मला माझ्या आईच्या सुपाकडे पाहावे लागते. तिच्या विड्यांनी कोणाची तरी छाती पोखरते आणि माझे शिक्षण होते. आईला हे सांगितले तेव्हा तिने हातातली विडी न थांबवता मला पुढचे वाचायला सांगितले. मला उत्तर सापडलेले नाही. लिनने तळी खणताना शेजारी व्यसन सोडवण्याचे औषधही ठेवले होते, एवढे मात्र मी लक्षात ठेवले आहे.

आमच्या सोलापूरकडच्या माणसाला चीन म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने जे पाच डॉक्टर पाठवले त्यांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबई बंदरातून निघाले आणि कँटनला उतरले. डॉ. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्येच त्यांचे देहावसान झाले. शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेने अफूच्या पेट्या गेल्या होत्या, त्याच वाटेने हे पाच जण औषधे घेऊन गेले होते. दोन देशांतील संबंधांचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहाव्या लागतील.